सदाशिव पेठेतले तसबिरींचे दुकान: एका चित्रकर्तीचा अभिप्राय

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी चित्रे आणि तसबिरी मढवून देणारे एक छोटे दुकान आहे. गेली आठ वर्षे माझी जवळपास सगळी चित्रे तेथेच मढवली गेली आहेत आणि हा अभिप्राय त्या दुकानाविषयी आहे. दुकानाचे नाव मी देणार नाही, कारण ते कुठेही छापू नये ही मालकांची अट आहे. "आम्ही दोघंच माणसं काम करतो, ताई. गर्दी झाली की गेरुंगात फट राहते," असे त्यांनी परवानगी मागायला गेले तेव्हा सांगितले. गेरुंग म्हणजे चौकटीच्या कोपऱ्यातला तिरपा सांधा. ज्यांनी कुठल्याही स्वस्त चौकटीचा कोपरा बारकाईने पाहिला आहे, त्यांना या उत्तरातला कामाचा अभिमान आणि धास्ती दोन्ही कळतील. पत्ता हवाच असेल, तर टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारावे. तो बहुधा सांगेल.

दुकान जेमतेम दहा फूट रुंद असून आतल्या भिंतीवर पट्ट्यांचे नमुने, म्हणजे काटकोनात जोडलेले चौकटींचे कोपरे, शंभराच्या घरात टांगलेले आहेत. काउंटरच्या मागे मढवून तयार झालेला माल उभा करून ठेवलेला असतो आणि त्यात कसलाही भेदभाव नसतो. गाणगापूरच्या पादुकांचा फोटो, कोणाच्या तरी आजोबांचा हार घालण्यासाठी मोठा करून घेतलेला चेहरा, कराटेचे प्रशस्तिपत्र, भरतकाम केलेला मोर आणि एखाद्या नामवंत चित्रकाराचे जलरंगातले निसर्गचित्र ही सगळी मंडळी एकाच रांगेत, एकमेकांना टेकून असतात. मालकांच्या आजोबांनी दुकान सुरू केले, तेव्हा मढवायला येणारा मुख्य माल देवादिकांच्या छापील चित्रांचाच होता. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी घरोघरच्या भिंती भरल्या. त्या लक्ष्मी-सरस्वतींना काच आणि चौकट घालून देणारा 'तसबीरवाला' हा व्यवसाय आपल्या पेठांमध्ये अशा चित्रांमुळेच फोफावला. छापखाना मात्र रविवर्म्यांना आर्थिकदृष्ट्या झेपला नाही आणि तो त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाकडे, फ्रिट्झ श्लायखर यांच्याकडे गेला. ज्या चित्रांवर एवढा मोठा व्यापार उभा राहिला, त्या व्यापाराचा जम मूळ चित्रकाराला बसवता आला नाही, ही गोष्ट मला याच दुकानात, एका जुन्या ओलिओग्राफची, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्राची, काच बदलली जात असताना पहिल्यांदा समजली.

आधी कारागिरीविषयी लिहिते, कारण अभिप्राय दुकानाचा आहे आणि बाकीचे सगळे त्यावर उभे आहे.

जलरंगातले चित्र मढवणे हे तैलरंगातल्या चित्रापेक्षा अधिक जोखमीचे काम आहे. कागद हवेतला ओलावा शोषतो, काचेला चिकटतो, त्यावर बुरशी धरते आणि कसर तर त्याची वाटच पाहत असते. म्हणून चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटचे, म्हणजे चित्राभोवती बसवलेल्या जाड पुठ्ठ्याच्या कडेचे, अंतर हवे, माउंटचा पुठ्ठा आम्लरहित हवा आणि चित्र पाठीमागच्या पुठ्ठ्याला सबंध डकवून न टाकता वरच्या कडेला दोन ठिकाणी बिजागरीसारखे टांगलेले हवे. साध्या पुठ्ठ्यातले आम्ल काही वर्षांत माउंटच्या कापलेल्या कडेने चित्रावर पिवळट-तपकिरी रेघ ओढते आणि ती रेघ पुन्हा जात नाही. या दुकानात बिजागरीसाठी पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाची खळ वापरतात. खळ दुकानातच शिजवली जाते. ती पाण्याने सुटते, त्यामुळे उद्या कोणाला चित्र चौकटीबाहेर काढायचे झाले तर कागद फाटत नाही. बाजारात सर्रास वापरली जाणारी दुहेरी चिकटपट्टी येथे चित्राला लावलेली मी एकदाही पाहिलेली नाही. माउंटचा तिरपा काप स्वच्छ असतो, कोपऱ्यात पात्याची रेघ पुढे गेलेली नसते. चौकटीच्या मागे हार्डबोर्ड बसवून त्याच्या चारही फटी कागदी चिकटपट्टीने बंद केलेल्या असतात. सागवानी पट्टीच्या गेरुंगात नखही शिरत नाही. सिंथेटिक पट्टी मागितली तर मिळते, पण ती दाखवताना मालकांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो पाहून मी ती कधी घेतली नाही.

चित्र घेताना ते तीन प्रश्न विचारतात: कुठे लावणार, समोर खिडकी आहे का आणि भिंतीला ओल आहे का. माझ्या एका चित्रात अलिझरिन क्रिमझन हा किरमिजी रंग भरपूर होता. तो उन्हाने उडतो, तेव्हा हे चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका, असे त्यांनी माझ्या ग्राहकाला माझ्यादेखत सांगितले. मी स्वतः ते सांगायला हवे होते. महाविद्यालयात शिकलेही होते. विक्री हातची जाईल या भीतीने गप्प बसले होते, हे येथे कबूल करते.

आता पावतीविषयी, जिच्यामुळे खरे तर हा अभिप्राय लिहिण्याची इच्छा झाली.

येथे काम स्वीकारताना निम्मी रक्कम आगाऊ घेतात आणि कार्बन लावलेल्या पुस्तकातून पावती देतात. माझी पहिली पावती मी जपून ठेवली आहे. चित्र अर्ध्या इम्पीरियल आकाराचे, म्हणजे पंधरा इंच गुणिले बावीस इंचांचे होते. चारही बाजूंना तीन इंच माउंट धरल्यावर बाहेरचे माप एकवीस गुणिले अठ्ठावीस झाले. परीघ अठ्ठ्याण्णव इंच, त्यात एक इंची पट्टीच्या आठ गेरुंग-कापांचे आठ इंच मिळवून एकशे सहा, म्हणजे हिशेबाला नऊ फूट. पट्टी नव्वद रुपये फुटाने आठशे दहा रुपये, माउंट चारशे, काच दोनशे नव्वद, पाठीचा हार्डबोर्ड आणि हुक दोनशे, आणि शेवटची ओळ: मजुरी तीनशे पन्नास. एकूण दोन हजार पन्नास. आसपासच्या दुकानांपेक्षा हा दर तेव्हाही सुमारे एक तृतीयांशाने जास्त होता आणि आजही आहे. तरीही त्या काउंटरवर मजुरीच्या ओळीवर बोट ठेवून "हे जरा कमी करा" असे म्हणणारे गिऱ्हाईक मला क्वचितच दिसले. भाव पट्टीचा होतो, काचेचा होतो. मजुरी लिहिलेली असली की ती मान्य होते.

माझ्या त्या वेळच्या बिलात मजुरीची ओळच नव्हती. बिलच नव्हते, हे अधिक खरे. पहिल्या प्रदर्शनासाठी मी प्रत्येक चित्राची चौकटीसह किंमत साडेचार हजार रुपये ठरवली होती. ती कशी ठरवली असे कोणी विचारले असते, तर शेजारच्या दालनात कोणीतरी पाच हजार लावली होती म्हणून, याखेरीज माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या खासगी दालनात ते प्रदर्शन झाले, त्यांची दलाली विक्रीच्या एक तृतीयांश होती आणि ती दर्शनी किमतीवर होती, म्हणजे माझ्या खिशातून गेलेल्या चौकटीवरसुद्धा. साडेचार हजारांतून दीड हजार दलाली, दोन हजार पन्नास चौकट, कागद आणि रंगांचे अदमासे अडीचशे वजा केले की हातात सातशे रुपये उरत होते. एका चित्राला दोन दिवस लागत, आणि फसलेले कागद त्यात धरलेले नाहीत. हा हिशेब मी प्रदर्शन संपल्यावर, याच दुकानातल्या लाकडी बाकावर बसून, त्यांच्याच पावतीच्या पाठीवर मांडला. दलालीचा दर योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न आहे. भिंत, दिवे, निमंत्रणे आणि ओळखी यांचे पैसे दालनाने घेणे मला गैर वाटत नाही. चौकटीची किंमत वगळून उरलेल्या रकमेवर दलाली घ्यावी, एवढे करारात आधी लिहून घेता येते आणि आता मी ते लिहून घेते. ही सूचना मला काकांनी केली. (मालकांना सगळेच काका म्हणतात, मीही तसेच लिहिते.) त्यांच्याकडून चौकटी घेऊन मुंबईला जाणाऱ्या, 'जहांगीर मिळालं' असे सांगत पेढे घेऊन येणाऱ्या अनेकांचे हिशेब त्यांनी जवळून पाहिले आहेत. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात, जे १९५२ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिले, आपली तारीख लागणे ही आपल्याकडच्या चित्रकाराच्या आयुष्यातली मुंज समजली जाते. त्या आनंदात पुष्कळ जण एकंदर खर्चाची बेरीज करायचे राहून जातात.

दुकानाकडून झालेली एक मोठी चूक सांगितल्याशिवाय हा अभिप्राय प्रामाणिक होणार नाही.

त्या पहिल्या प्रदर्शनाच्या तयारीत माझे मेणवलीच्या घाटाचे एक चित्र तेथे होते. (महाराष्ट्रातल्या प्रत्येक जलरंगकाराच्या खतावणीत मेणवलीचा घाट असतोच, वाईला उतरून वहीत पायऱ्या आणि नदीतले प्रतिबिंब उतरवले नाही, तर जणू पदवी मिळत नाही.) दुकानातल्या मदतनिसाने माउंटच्या मापात बसवण्यासाठी त्या कागदाची खालची अर्धा इंच कड कापून टाकली आणि त्याबरोबर उजव्या कोपऱ्यातली माझी सही गेली. काकांना हे लपवता आले असते. माउंटच्या आड कड दिसली नसती आणि सही मी करायची विसरले, असेही मला वाटले असते. त्यांनी संध्याकाळी दूरध्वनी करून बोलावून घेतले, कापलेली पट्टी आणि चित्र दोन्ही काउंटरवर ठेवले आणि विचारले, "या चित्राची किंमत सांगा. भरून देतो."

मी म्हणाले, "राहू द्या काका. द्यायचेच असतील तर पाचशे द्या."

ते काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पाचशे रुपयांचं चित्र तुम्ही दोन हजारांच्या चौकटीत कशाला घालताय?"

या प्रश्नाला मला आजतागायत चांगले उत्तर सुचलेले नाही. चित्र विकताना मी साडेचार हजार म्हणत होते, कारण तो आकडा छापील यादीत होता आणि मला तो तोंडाने उच्चारावा लागत नव्हता. समोरचा माणूस चूक कबूल करून, पैसे हातात घेऊन किंमत विचारत होता, तेव्हा माझ्याच तोंडून पाचशे आले. काकांनी माझ्या पिशवीतली किंमतपत्रिका मागून घेतली, साडेचार हजारांतून चौकटीचे दोन हजार पन्नास वजा केले आणि उरलेले दोन हजार चारशे पन्नास रुपये पाकिटात घालून दिले. वर माझ्याकडून 'चित्राची किंमत पोचली' अशी सहीनिशी पावती लिहून घेतली. माझ्या व्यावसायिक आयुष्यात मी लिहून दिलेली ती पहिली पावती, आणि ती दिली चित्र खराब झाल्याबद्दल. पैसे दिले म्हणजे चित्र दुकानाचे झाले, या न्यायाने त्यांनी ते साध्या पट्टीत मढवून आतल्या दारावर लावले. ते अजून तेथे आहे.

येथे दुकानाच्या गुणदोषांचा हिशेब मी असा करते: चूक गंभीर होती, कलाकाराच्या कागदाची कड त्याला विचारल्याशिवाय कापणे हा या धंद्यातला मोठाच प्रमाद आहे; परंतु भरपाईचा जो मार्ग त्यांनी निवडला, तसा मार्ग मला नंतर भेटलेल्या मोठमोठ्या, करारांवर शिक्के मारणाऱ्या ग्राहकांपैकी कोणीही निवडला नाही. एका उपाहारगृहाच्या मालकांनी माझ्याकडून भिंतीवर बारा फुटांचे चित्र काढून घेतले आणि मोबदल्यात 'नाव होईल' असे आश्वासन व रोज दुपारचे जेवण दिले. रंग मीच नेले होते. सुताराला आणि विजेच्या कामाच्या माणसाला त्यांनी त्याच आठवड्यात रोख पैसे दिले, हे मी शिडीवरून पाहत होते.

घासाघिशीचा एक प्रसंग याच काउंटरवर घडला. माझे एक चित्र पसंत केलेले गृहस्थ चौकट निवडायला माझ्याबरोबर आले होते. त्यांनी महागातली सागवानी पट्टी घेतली, वर परावर्तन न होणाऱ्या काचेची चौकशी केली आणि आगाऊ रक्कम न बोलता मोजून दिली. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मॅडम, तुमचं मात्र काहीतरी बघा हं, तुम्हाला काय, एका बैठकीत होतं." काकांनी मान वर न करता पट्टीवर पेन्सिलीने खूण करत विचारले, "साहेब, माझा मुलगा हा कोपरा पाच मिनिटांत जोडतो. शिकायला सहा वर्षं लागली. पाच मिनिटांचे लावू का सहा वर्षांचे?" गृहस्थ हसले आणि त्यांनी ठरलेली किंमत दिली. हे वाक्य काकांनी त्यापूर्वीही अनेकदा वापरलेले असणार, इतके ते घोटीव होते. पण ते माझ्यासाठी वापरले गेले.

किंमत लावण्याची जी पद्धत मी आज वापरते, तीही मूळ या दुकानाच्या मोजपट्टीची आहे. चित्रकारांमध्ये चौरस इंचाचा दर लावण्याची पद्धत प्रचलित आहे आणि ती वरवर न्याय्य वाटते. परंतु पाव इम्पीरियल कागद एकशे पासष्ट चौरस इंचांचा, अर्धा तीनशे तीसचा आणि पूर्ण सहाशे साठचा. चौरस इंचाला तीस रुपये धरले तर किमती अनुक्रमे चार हजार नऊशे पन्नास, नऊ हजार नऊशे आणि एकोणीस हजार आठशे होतात. म्हणजे लहान चित्र, ज्याला रेखाटन, रचना आणि विचार मोठ्याइतकेच लागतात, ते फार स्वस्त पडते आणि मोठे चित्र नवख्या चित्रकाराकडून कोणी घेत नाही. तसबीरवाला पट्टी मोजतो ती लांबीने. तेव्हा लांबी आणि रुंदी यांची बेरीज करून तिला दर लावला तर? आज माझा दर इंचाला अडीचशे रुपये आहे. अकरा गुणिले पंधराच्या चित्राची बेरीज सव्वीस, किंमत साडेसहा हजार. पंधरा गुणिले बावीसची बेरीज सदतीस, किंमत नऊ हजार दोनशे पन्नास. बावीस गुणिले तीसची बेरीज बावन्न, किंमत तेरा हजार. चौकट वेगळी, तिची पावती दुकानाची, तिच्यावर माझा नफा नाही. दर वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये वाढवते आणि तो ओळखीच्या, अनोळखी, नात्यातल्या सगळ्यांना सारखाच असतो. नात्यातल्यांना सारखा दर सांगणे हे सर्वांत कठीण काम आहे. मावशीला पावती देताना माझा हात थरथरला होता, आणि मावशीने ती देवघरात ठेवली.

या दुकानाची आणखी एक सेवा आहे, जिची जाहिरात ते करत नाहीत. मढवलेल्या प्रत्येक चित्राच्या पाठीवर ते एक छापील चिठ्ठी लावतात: चित्रकाराचे नाव, चित्राचे शीर्षक, माध्यम, माप, वर्ष आणि 'पुनर्मुद्रणाचे हक्क चित्रकाराकडे' ही ओळ. चिठ्ठीचे पैसे नाहीत. मात्र शेवटची ओळ छापण्याआधी ते विचारतात: चित्र तयार होते की सांगून काढून घेतले? या प्रश्नामागे कायदा आहे. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार तयार चित्र विकत घेणाऱ्याला फक्त ती वस्तू मिळते, तिच्या प्रती छापण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. उलट, कोणाच्या मागणीवरून मोबदला घेऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र काढले असेल, तर वेगळा करार नसल्यास कलम १७ प्रमाणे प्रताधिकाराचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे ज्या नवोदिताला वाटते की आपण काढलेल्या व्यक्तिचित्राचे हक्क अर्थातच आपले, त्याची समजूत कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि ती दुरुस्त करायला काम घेण्यापूर्वी दोन ओळींचे पत्र पुरते. हक्क सोपवायचे तर तेही लेखीच हवेत, आणि मुदत लिहिली नसेल तर कलम १९ ती पाच वर्षांची धरते. याच शिस्तीपायी, कोणी भ्रमणध्वनीवर एखाद्या चित्राचा फोटो आणून 'याची कॅनव्हासवर प्रत काढून मढवून द्या' म्हणाले, तर काका चित्रकाराचे पत्र मागतात आणि ते नसेल तर काम परत करतात. शेजारचे दुकान परत करत नाही.

याच कायद्यातले कलम ५३-अ मला काकांच्याच एका वकील ग्राहकाने तेथे बसल्या बसल्या समजावले. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला झाली, तर पहिला हक्कधारक असलेल्या चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत हिस्सा मागता येतो आणि तो जास्तीत जास्त दहा टक्के असू शकतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये गेले आणि २०१३ मध्ये मुंबईच्या एका लिलावात त्यांचे चित्र तेवीस कोटी सत्तर लाखांना विकले गेले, अशा बातम्या आपण कौतुकाने वाचतो. माझ्या चित्रांचे असे काही होईल असा माझा समज नाही. पण चित्राच्या पाठीवर नाव, वर्ष आणि माप नसेल, तर ते चित्र कोणाचे हे सिद्ध करण्यापासूनच सुरुवात करावी लागेल, आणि विक्रीची नोंदवही नसेल तर तीही करता येणार नाही. त्या दिवसापासून मी वही ठेवते: चित्राचा क्रमांक, कोणाला दिले, केव्हा, कितीला. वहीची कल्पना माझी; तिचे रकाने काकांच्या पावतीपुस्तकातून उचललेले आहेत.

गैरसोयी पुष्कळ आहेत. दुपारी एक ते चार दुकान बंद असते आणि त्या वेळेत दूरध्वनी केला तर उचलत नाहीत, उचललाच तर ऐकावे लागते. दहा दिवस सांगितले की पंधरा धरावेत, आणि गणपतीच्या आधीचा महिना असेल तर तारीखच धरू नये. परगावी चित्र पाठवायचे असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक घाला, हे आपणच सांगावे लागते. मी एकदा सांगितले नाही आणि नागपूरला पोचलेल्या खोक्यात काचेचा चुरा निघाला. अतिनील किरणे अडवणारी किंवा परावर्तन न होणारी काच ते ठेवत नाहीत, मागवून देतात आणि तिला तीन आठवडे लागतात. बांधणी वर्तमानपत्राची आणि सुतळीची असते, तेव्हा जुनी चादर घरून न्यावी. घरपोच सेवा नाही. माउंटच्या रंगाविषयी काकांची मते ठाम आहेत आणि पांढऱ्याच्या किंचित पिवळसर छटेखेरीज दुसरा रंग मागितला, तर तो मिळतो, पण त्याआधी वाद होतो. बहुतेक वेळा ते बरोबर असतात, ही आणखी एक गैरसोय.

मेणवलीच्या त्या कापलेल्या चित्राविषयी मला दोन-तीन ग्राहकांनी विचारले आहे. काका ते विकत नाहीत, पण त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीत त्यांनी किमतीची एक जागा ठेवली आहे. सुरुवातीला तेथे पेन्सिलीने दोन हजार चारशे पन्नास लिहिलेले होते. मी इंचाला दीडशेचा दर लावला, त्या वर्षी ते खोडून पाच हजार पाचशे पन्नास झाले. यंदा एप्रिलमध्ये नवी दरपत्रिका द्यायला गेले, तेव्हा त्यांनी ती चष्मा चढवून वाचली, मदतनिसाला दारावरचे चित्र उतरवायला सांगितले आणि नऊ हजार दोनशे पन्नास लिहून सही गेल्याबद्दल त्यातून काही वजा करायचे का, असे मला विचारले. मी नाही म्हणाले.

जलरंगातली चित्रे मढवायची असतील तर जून ते सप्टेंबर टाळावे. कागदात मुरलेली ओल चौकटीत बंद होते आणि दिवाळीपर्यंत तांबूस ठिपके उमटतात. काका पावसाळ्यात अशी कामे घेतच नाहीत, चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून परत देतात आणि ऑक्टोबरात यायला सांगतात. तोपर्यंत त्यांच्याकडे कराट्याच्या प्रशस्तिपत्रांची गर्दी असते.